१९ अंशांवरचा स्टार ट्रॅकर : दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

५०० या संख्येला लेन्सच्या नाभीय अंतराने भागले की तारे रेघांसारखे ओढले न जाता शटर किती सेकंद उघडे ठेवता येईल, याचा ढोबळ अंदाज मिळतो. माझ्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स सुमारे ७५-८० मिमीसारखी वागते, त्यामुळे हे उत्तर जेमतेम सहा सेकंद येते आणि तेवढ्या वेळात देवयानी दीर्घिका धुरकट ठिपक्यापलीकडे जात नाही. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती फिरते. त्याच गतीने कॅमेरा उलट दिशेला फिरवत राहणारा छोटा स्टार ट्रॅकर मी यासाठीच घेतला. या वर्गातील यंत्रांची रचना जवळजवळ सारखीच असल्याने कंपनीचे नाव येथे देत नाही.

मोटरबद्दल माझी तक्रार नाही. ५० मिमीवर दोन मिनिटांची फ्रेम सहज मिळते. १३५ मिमीवर साठ सेकंदांच्या चाळीस फ्रेम एकत्र केल्या, तेव्हा मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ पंख पसरल्यासारखा उलगडला, आणि ते चित्र स्वतःच्या कॅमेऱ्यातून आले आहे यावर बराच वेळ विश्वास बसला नाही.

खरी कसोटी आहे ती पोलर अलाइनमेंटची, म्हणजे ट्रॅकरचा फिरण्याचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवबिंदूकडे नेमका रोखण्याची. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाइतकी असते, म्हणजे जुन्नर परिसरात सुमारे १९ अंश. युरोपातल्या हौशी छायाचित्रकाराला तो ऐन आकाशात दिसतो. आपल्याकडे मात्र एखादी डोंगररांग, आंब्याचे झाड किंवा क्षितिजालगतचे धुरके त्याला सहज झाकते. नाणेघाटाच्या पठारावर उत्तरेकडची उघडी जागा शोधण्यातच माझा पहिला तास गेला. शिवाय ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला असल्याने पोलर स्कोपमधल्या, म्हणजे ट्रॅकरच्या अक्षातून पाहायच्या छोट्या दुर्बिणीतल्या, लाल वर्तुळावर नेमक्या जागी आणावा लागतो. गुडघ्यांवर बसून, मान वळवून तो तिथे आणावा आणि वेजचा (ट्रॅकरला अक्षांशाच्या कोनात तिरपे धरणाऱ्या बैठकीचा) उंचीचा स्क्रू घट्ट करताच त्याने वर्तुळाबाहेर सरकावे, हे माझ्या यंत्रात दर वेळी घडते. स्क्रू अर्धवट कसून, ताऱ्याला मुद्दाम किंचित खाली ठेवून मग पूर्ण कसला की तो जागेवर येतो, हे हाताला कळायला पाच-सहा रात्री लागल्या.

१९ अंशांवर ट्रॅकरचा अक्ष जवळजवळ आडवा राहत असल्याने कॅमेऱ्याचे वजन ट्रायपॉडच्या बाहेर, उत्तरेकडे लोंबते. म्हणून ट्रायपॉडचा एक पाय नेमका उत्तरेला ठेवावा आणि मधला खांब अजिबात वर काढू नये. दक्षिणेकडच्या धनु-वृश्चिकातली आकाशगंगा टिपताना कॅमेरा मागे वळून ट्रॅकरच्याच अंगावर येतो. तिथे प्रतिभार लावण्याची दांडी नसेल तर गैरसोय होते. जमीन आणि आकाश एकाच चित्रात हवे असतील, तर जमिनीची फ्रेम ट्रॅकर बंद करून वेगळी घ्यावी, कारण चालू ट्रॅकरवर किल्ल्याची कडाच पुसट होते.

केवळ १४ मिमीसारख्या रुंद लेन्सने आकाशगंगा टिपणाऱ्यांनी हा खर्च लगेच करू नये. पंधरा-वीस सेकंदांच्या अनेक फ्रेम एकत्र करून त्यांचे काम चांगले होते. ५० मिमीच्या पुढे जायचे असेल, तर मात्र ट्रॅकरला पर्याय नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानातच वेज १९ अंशांवर लावावा, वर स्वतःचा कॅमेरा आणि लेन्स चढवावी, स्क्रू कसताना पोलर स्कोपमधून समोरच्या भिंतीवरची एखादी खूण पाहावी आणि ती किती हलते हे पाहूनच पैसे द्यावेत.