टेबलावर काय ठेवाल: दादरची फुलं की कुंभारवाड्याच्या कुंड्या?

रिसेप्शनचं बजेट आवळायचं असेल तर मुंबईत दोन सोपे मार्ग आहेत.

पहिला, दादरची फूल मंडई. पहाटे गेलात की झेंडू किलोवर मिळतो. पसरट भांड्यात पाणी, त्यावर देठ खुडलेली फुलं, मध्ये तरंगत्या मेणबत्त्या. निशिगंधाच्या चार काड्या घ्याच. संध्याकाळी कळ्या उमलतात, नेमके तेव्हाच पाहुणे येतात आणि अख्खं टेबल दरवळतं. पण हे सगळं त्याच दिवशी करावं लागतं, सणासुदीला भाव चढतात, आणि पंख्याखाली मेणबत्त्या टिकत नाहीत.

दुसरा, धारावीच्या कुंभारवाड्यातल्या वीतभर कुंड्या. त्यात मनी प्लांट. घरच्याच वेलीचे पेर असलेले तुकडे महिनाभर आधी पाण्यात ठेवा, मुळं फुटली की मातीत लावा. खर्च जवळपास कुंडीचाच! उंचीही बेताची, समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही. सुगंध मात्र नाही.

मी कुंड्यांच्या बाजूची. ताईच्या रिसेप्शनला आम्ही प्रत्येक कुंडीवर गेरू लावून पांढऱ्या रंगाने वेलबुट्टी काढली होती. जाताना पाहुण्यांनी त्या हौसेने नेल्या. मुलुंडच्या मावशीकडची वेल आता स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज धरून वर चढली आहे.