ट्रॉलरवरचा बॅरोमीटर: जवळपास नऊ महिन्यांच्या वापरानंतर

31 जुलैला मासेमारीबंदी संपायच्या दोन दिवस आधी मी हा हवेचा दाब मोजणारा, काट्याचा, बिनपाऱ्याचा (ॲनेरॉइड) पितळी बॅरोमीटर आमच्या बोटीच्या केबिनमध्ये बसवला. बोट गोव्यातल्या मालिम जेटीवरची, पाण्यात तीन-चार दिवस राहणारी. आता एप्रिल संपत आला. एवढ्या दिवसांनी सांगतो, घेतला ते बरं केलं. पण पहिले दोन महिने त्यानं मला काहीच सांगितलं नाही, कारण मला विचारता येत नव्हतं.

पेटीतून काढला तेव्हाच काटा 4 मिलिबार (हवेच्या दाबाचं एकक) कमी दाखवत होता. दुकानदार म्हणाला, कंपनीतूनच सेट होऊन येतो. मी ऐकलं नाही ते बरं झालं. हवामान खात्याच्या पणजी वेधशाळेचा आकडा त्याच वेळचा घेऊन तीन दिवस ताडून पाहिला आणि मग मागचा स्क्रू फिरवला. इथे एक काळजी घ्या. वेधशाळा आल्तिनोच्या टेकडीवर आहे आणि दर 8 मीटर उंचीला दाब साधारण 1 मिलिबारनं उतरतो. म्हणून समुद्रसपाटीला आणलेलाच आकडा धरा, नाहीतर चूक सुधारताना नवी चूक कराल.

डायलवर छापलेले ‘वादळ’, ‘पाऊस’, ‘बदल’, ‘स्वच्छ’ हे शब्द विसरून जा. ते युरोपातल्या हवेसाठी आहेत, तिथे दाबाची चढउतार फार मोठी असते. आपल्याकडे काटा बहुतेक वेळ ‘बदल’ आणि ‘स्वच्छ’ यांच्या मध्येच असतो, मग ऑगस्टचा मुसळधार असो की जानेवारीचं ऊन.

खरी गोम वेळेत आहे. आपल्या पट्ट्यात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. फरक साधारण 3 मिलिबारचा. मला हे ठाऊक नव्हतं. दुपारी काटा उतरला की छातीत धस्स व्हायचं. मग वही केली. काचेवर बोटानं हलकी टिचकी मारायची, म्हणजे आत अडकलेला काटा मोकळा होतो, आणि दहा-चार-दहाचा आकडा लिहायचा. ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे त्या त्या वेळचा ‘नेहमीचा’ आकडा तयार झाला. जहाजांवरचा जुना नियम त्यावरच उभा आहे: त्या वेळच्या नेहमीच्या आकड्याहून 3 मिलिबार कमी असेल तर सावध व्हा, 5 कमी असेल तर कमी दाबाचं क्षेत्र जवळच आहे असं धरून चला.

ऑक्टोबरच्या शेवटी ते कामी आलं. दक्षिण गोव्यातल्या काब द रामच्या बाहेर वीसेक वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोल पाण्यात होतो. दुपारी चारला नेहमी 1008 असायचा, त्या दिवशी 1005. आमचे म्हातारे तांडेल काका डेकवर उभे. म्हणाले, “आज खारो वारो खंय गेलो रे?” खरंच, त्या वेळी पश्चिमेकडून यायला हवा तो वारा नव्हता, आग्नेयेकडून येत होता आणि खालून लांब लांब लाटा नैऋत्येच्या. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की उत्तर गोलार्धात कमी दाब उजव्या हाताला, किंचित मागे. उजवा हात भर समुद्राकडे, नैऋत्येला जात होता. सकाळी फोनवर खात्याचा इशारा आलाच होता, पण तेव्हा आकाश निरभ्र होतं आणि खलाशी ‘अजून एक ओढ’ म्हणत होते. काका आणि काटा दोघं एकच बोलले तेव्हा मी जाळं उचललं. मांडवी नदीच्या मुखावरच्या आग्वादच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटायला लागण्याआधी आत शिरलो. रात्री दहाला काटा चढायला हवा होता, तो 1005वरच. म्हणजे नेहमीपेक्षा 5 कमी. मध्यरात्रीनंतर झोडपलं.

पण सगळ्यावर भरवसा ठेवू नका. मे किंवा ऑक्टोबरमधली गडगडाटी वावटळ अर्ध्या तासात येते. काटा आधी काही सांगत नाही, उलट झोत आला की उडी मारून वर जातो. दूर दक्षिणेच्या महासागरातून येणारं उधाण तर यात दिसतच नाही. त्यासाठी इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेची लाटांची सूचना पाहावी लागते.

सोबत घेतलेला हाती वारामापक मात्र तीन महिन्यांत मिठानं जाम झाला. चालू बोटीवर तो खरा वारा दाखवतही नाही: 12 नॉटच्या वाऱ्यात तुम्ही 8 नॉटनं समोरून गेलात तर आकडा 20 येतो. बॅरोमीटरला त्रास फक्त इंजिनाच्या थरथरीचा होता. मागे टायरच्या ट्यूबचा तुकडा लावला, काटा शांत झाला. ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीवर लावा.

1 जूनला बंदी लागली की तो घरी नेणार. घर जेटीपेक्षा साधारण 40 मीटर वर आहे, म्हणजे काटा 5 मिलिबारनं खाली दिसेल. स्क्रूला हात लावणार नाही, वहीत 5 मिळवून लिहीन. पावसाळ्याचे दहा-चार-दहाचे आकडे माझ्याकडे अजून नाहीत.