इतवारीतील नाण्यांचे दुकान आणि एक सासानी द्रम्म

इतवारीतील एका जुन्या नाण्यांच्या दुकानातून मी प्राचीन इराणच्या सासानी घराण्यातील सम्राट दुसरा खुस्रो (इ.स. ५९०–६२८) याचा चांदीचा द्रम्म, म्हणजे त्या काळचे नाणे, घेतला. जेमतेम ४ ग्रॅमच्या त्या पातळ चकतीवर एकीकडे पंखांचा मुकुट ल्यालेला राजा आणि दुसरीकडे दोन रक्षकांमधली अग्निवेदी उमटलेली असून, सासानी राजांचे मुकुट वेगवेगळे असल्याने नाण्यावरची पहलवी लिपी न येणाऱ्यालाही राजा बहुधा ओळखता येतो, हे मला फार मोहक वाटते. दुकानदार भिंग हाती देऊन तासभर निवांत पाहू देतात. मात्र मागील बाजूस पार्थियन नाण्यांची ओळख असलेला बसलेला धनुर्धर स्पष्ट दिसत असतानाही एक पार्थियन (सासानींच्या आधीच्या इराणी राजवटीचे) नाणे ‘कुषाण’ अशा चिठ्ठीखाली ठेवले होते, आणि पावतीवर वजन मुद्दाम सांगूनच लिहून घ्यावे लागले.