दगडीवर कोरफड, हळद, चुना : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दगडी म्हणजे गाई-म्हशींच्या कासेला जंतूंमुळे येणारी सूज. तिच्यावरचा, राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने गावोगाव पोचवलेला हा कोरफड-हळद-चुन्याचा लेप पंढरपूर-सांगोला पट्ट्यात संकरित गाई आणि पंढरपुरी म्हशी, दोन्हींवर आठ महिने वापरून झाला. मत आधीच सांगतो. कासेची सूज, गरमपणा आणि ठणका उतरवायला लेप खरोखर चांगला आहे. जंतू मारायची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकू नका.

प्रमाण एका जनावराला एका दिवसाचं : कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम. कोरफडीचे काटे काढा, साल ठेवा, तुकडे करून तिन्ही मिक्सरला फिरवा. रंग बघत राहा. पिवळ्याचा तांबडा झाला की जमलं. कुंकू होतं तेच इथे होतं. पिवळाच राहिला तर चुना हवा लागून मेलेला आहे किंवा हळद भेसळीची आहे. डबी उघडी राहिलेला चुना तर घेऊच नका. उलट, जोर यावा म्हणून मूठभर चुना टाकणारेही आहेत. त्याने सडाची कातडी भाजते, भेगा पडतात आणि जनावर हात लावू देत नाही.

लेप रोज ताजा करा. चुन्याच्या सान्निध्यात हळदीतलं कर्क्युमिन टिकत नाही, आणि सूज वाढवणाऱ्या क्रियांना आवर घालणारा घटक तोच. काल केलेला लेप आज लावणं म्हणजे नुसता रंग फासणं.

लावायच्या आधी दुखरा सड पूर्ण पिळून रिकामा करा. ते गाठीचं दूध गोठ्यात सांडू नका, लांब खड्ड्यात टाका. कास धुऊन कोरडी करा. मूठभर लेपात १५० ते २०० मिली पाणी घालून सगळ्या कासेला चोळा. असं दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. बहुतेकांचं इथेच चुकतं. सकाळ-संध्याकाळ दोनदा लावतात आणि गुण नाही म्हणतात. आपल्या सोलापूरच्या उन्हात लेप लगेच वाळून पापुद्रे धरतो, वाळला की काम थांबलं. सोबत रोज दोन लिंबं अर्धी कापून तीन दिवस चारायची. धार काढण्याआधी लेप नीट धुवा, नाहीतर पिवळेपणा दुधात उतरतो. आजारी सडाचं दूध संकलनाला घालूच नका.

सर्वांत चांगला गुण सुरुवातीच्या अवस्थेत, म्हणजे पहिल्या धारेत बारीक दाणे दिसतात पण गाय चारा खाते, तेव्हा येतो. सूज ओसरली म्हणून थांबू नका, सीएमटी करा, म्हणजे दगडी ओळखायची दुधाची चाचणी. तिच्या ट्रेला चार सडांसाठी चार कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात २-३ मिली दूध आणि तेवढंच द्रावण घालून गोल हलवा. शेंबडासारखी तार धरली तर आजार आत आहेच. स्टॅफिलोकोकस या जंतूची जुनाट दगडी लेपाने मऊ पडते आणि पुन्हा उठते, ते या उपायाचं अपयश धरू नये.

गाय चारा सोडते, ताप चढतो, दूध पाण्यासारखं पिवळट येतं किंवा कास थंड, निळसर पडते, तेव्हा लेपाच्या भरवशावर एक तासही घालवू नका. पशुवैद्यकाला बोलवा. प्रतिजैविक आणि सूज उतरवणारं इंजेक्शन त्यांच्याच सल्ल्याने, सोबत लेप चालतो.

एक मात्र दोन्ही वेळच्या धारेनंतर करा : सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि समोर कडबा टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ गाय उभी राहिली पाहिजे.