जमिनीचा सर्च रिपोर्ट: दोन वकील, दोन रिपोर्ट आणि माझा अनुभव

गेल्या वर्षी भोर तालुक्यात एक एकर जिरायत घ्यायचं ठरलं तेव्हा सर्च रिपोर्ट (म्हणजे जमिनीचे जुने कागद तपासून तिच्यावर कोणाचा हक्क, बोजा किंवा वाद आहे का ते सांगणारा वकिलाचा अहवाल) दोनदा काढावा लागला, दोन वेगळ्या वकिलांकडून, आणि त्या दोन रिपोर्टात इतका फरक निघाला की हे सविस्तर लिहायलाच हवं. जमीन घेताना सगळे भाव बघतात, रस्ता बघतात, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं ते बघतात, आणि सर्च रिपोर्ट मात्र न वाचता फाईलला लावून टाकतात. मीपण तेच करणार होतो.

पहिला रिपोर्ट सहा हजारात झाला, आठवड्यात हातात आला. ३८ पानं, सगळी इंग्रजीत, शेवटच्या पानावर टायटल क्लिअर अँड मार्केटेबल (म्हणजे मालकी निर्वेध, विकायला हरकत नाही) असं ठळक अक्षरात आणि त्याच्या पुढे सब्जेक्ट टू, सब्जेक्ट टू करत अर्धं पान. मधे एक तक्ता होता, १९९५ निरंक, १९९६ निरंक, १९९७ निरंक, अशा खाली २०२४ पर्यंत तीस ओळी. निरंक म्हणजे काही सापडलं नाही, म्हणजे चांगलंच की, असं मला वाटलं. बाबांनी चष्मा लावून तो तक्ता वरून खाली बघितला आणि म्हणाले, "अरे, विकणाऱ्या दोघा भावांचं वाटप झालंय म्हणतात ना, मग ते कुठंय यात?" वकिलांना फोन केला तर म्हणाले तुम्ही काळजी करू नका, क्लिअर आहे. पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही.

मग ओळखीतून दुसऱ्या एक वकील मॅडम मिळाल्या. (नाव इथे टाकत नाही, त्यांनी नको म्हटलंय.) फी बारा हजार, म्हणजे डबल, आणि वेळ लागला २६ दिवस. तरीपण मी म्हणेन पैसे वसूल, आणि त्याचं कारण त्यांनी जास्त शोधलं एवढंच नाही, जे शोधलं ते आमच्यापुढे कसं मांडलं ते आहे.

त्यांच्या रिपोर्टचं पहिलं पान मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि सगळ्यात वर दोन ओळी: "आज या जमिनीचा विसार देऊ नका. विकणाऱ्यांच्या बहिणीचा हक्क बाकी आहे." बस. शेवटचं पान उलटायची गरजच नाही, ज्याच्यासाठी पैसे दिले ते उत्तर पहिल्या मिनिटात. त्याच्याखाली हाताने काढलेली वंशावळ आणि प्रत्येक नावाच्या बाजूला फेरफार (तलाठ्याकडची हक्क बदलल्याची नोंद) नंबर आणि साल. १९९६ ला विकणाऱ्यांचे वडील वारले, वारस नोंदीत फक्त थोरल्या मुलाचं नाव लागलं, पुढे "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. २००९ ला तहसीलदारांकडून महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप झालं आणि धाकट्याचं नाव आलं. बाबांनी विचारलेलं वाटप ते हेच, ते दुय्यम निबंधकाच्या (जिथे दस्त रजिस्टर होतात त्या ऑफिसच्या) सूचीत दिसणारच नव्हतं कारण ते रजिस्टर झालेलंच नाही, ते फेरफारात होतं. आणि या सगळ्यात बहीण कुठेच नाही. वंशावळीत तिची चौकट लाल पेनाने काढलेली आणि फेरफार नंबरच्या जागी रेघ.

ती चौकट बघितल्यावर आईला पण एका नजरेत कळलं काय अडलंय ते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा होताच, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखाच जन्मापासूनचा हक्क मिळाला, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असायची गरज नाही. हे तिन्ही मॅडमनी चार वाक्यात लिहिलं होतं, बरोबर त्या लाल चौकटीच्या शेजारी, आणि पूर्ण निकालाचे उतारे मागे जोडलेले, ज्याला वाचायचे तो वाचेल.

आता दुसरं पान, जे मला सगळ्यात जास्त आवडलं. तिथे तीन रकाने होते: बघितलं आणि सापडलं, बघितलं आणि काही नाही, बघायलाच मिळालं नाही. तिसऱ्या रकान्यात १९९७ आणि १९९९, कारण निबंधक कार्यालयातली त्या सालांची सूची क्रमांक २ ची पुस्तकं (रजिस्टर झालेल्या दस्तांची यादी) फाटलेली, काही पानं नाहीतच. पहिल्या रिपोर्टात याच दोन सालांपुढे सरळ "निरंक" लिहिलेलं होतं! पुस्तक न बघता निरंक आणि बघून निरंक या दोन गोष्टी एकाच शब्दात गुंडाळल्या तर ज्याने आयुष्यभराची पुंजी लावायची त्याला कसं कळणार? आणि मॅडम तिथेच थांबल्या नाहीत, त्या दोन सालांचं खिंडार कसं बुजवलं ते पण लिहिलं, म्हणजे त्या काळातले गटाचे सगळे फेरफार काढले, सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुठला बोजा (कर्ज वगैरे) चढून उतरला का ते बघितलं, आणि तरी जी शंका उरते तिच्यासाठी जाहीर नोटीस द्या आणि विकणाऱ्यांकडून प्रतिज्ञापत्र घ्या असं सुचवलं.

पहिल्या रकान्यात एक ओळ अशी: १९९५ ते २००१ चा सर्च गट नंबरने आणि जुन्या सर्व्हे नंबरनेही केला. जमिनीचे तुकडे एकत्र करायच्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले हे गावाकडच्या सगळ्यांना माहितीय, पण जुना कागद जुन्या नंबरावर असू शकतो म्हणून दोन्हीने बघावं लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ऑनलाईन सर्च आमच्याकडे २००२ पासूनचाच मिळतो, त्याच्या आधीचं ऑफिसात बसून पुस्तकं चाळावी लागतात, आणि २६ दिवसातले बरेचसे दिवस त्यातच गेले असणार. कोर्टातले दावे पण नावावरून शोधले, सारख्या नावाचे दोन निघाले, दोन्हीतली जमीन वेगळी आहे हे दावा नंबरासकट लिहिलं. नुसतं "कोर्टकेस नाही" असं लिहून मोकळं होता आलं असतं की.

रिपोर्ट दिल्यावर एक तास समोर बसवून समजावलं. आईबाबांना सोबत आणा असं त्यांनीच सांगितलेलं. सुरुवातीला कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "काका, तुम्हाला यातून नक्की काय जाणून घ्यायचंय?" बाबा म्हणाले, उद्या कोणी दारात येऊन भांडू नये. मग पुढचा सगळा तास त्याच प्रश्नाला धरून बोलल्या, कोण येऊ शकतं, कशाच्या जोरावर, आणि ते कसं मिटवायचं. जिथे खात्री नाही तिथे "हे मी सांगू शकत नाही, कागद नाहीये" असं तोंडावर बोलल्या, आणि त्याच्यामुळेच बाकीच्यावर विश्वास बसला.

तक्रारी आहेत. फोन संध्याकाळी सातनंतरच उचलतात. मागे जोडलेले जुने फेरफार इतके पुसट झेरॉक्स होते की दोन तर वाचताच आले नाहीत, आणि पीडीएफ मागितली तर सगळा रिपोर्ट मोबाईलने फोटो काढून पाठवला, पानं उलटसुलट. बारा हजार घेताय तर स्कॅन नीट करून द्यायला हवं, हे मी त्यांना पण सांगितलं. घाई असेल, बँकेला पंधरा दिवसात रिपोर्ट द्यायचा असेल तर इथे जमणार नाही.

आमच्या व्यवहाराचं सांगायचं तर बहिणीला जमीन विकतायत हेच माहिती नव्हतं. आधी भाऊ म्हणाले हक्कसोड करून घेऊ, ती म्हणाली हक्क सोडणार नाही, माझा वाटा द्या, आणि बरोबरच आहे तिचं. आता खरेदीखतात लिहून देणार म्हणजे विकणारे म्हणून दोघं भाऊ आणि बहीण अशी तिघांची नावं आहेत, पैसे तीन ठिकाणी जाणार. जाहीर नोटीस पेपरात देऊन झाली, हरकत आली नाही. खरेदीखताच्या आदल्या दिवशी मॅडम परत एकदा सर्च मारणार आहेत, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही हे पहिल्याच दिवशी पावतीवर लिहून दिलंय.