ट्यूलिप बघायचेत: श्रीनगर की क्यूकेनहॉफ?

जानेवारी उजाडला की आमच्या ओळखीतलं कुणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच. ट्यूलिप बघायचे हे घरात ठरलेलं असतं, फोटो बघून झालेले असतात, घोडं अडलेलं असतं ते श्रीनगरची ट्यूलिप बाग की हॉलंडमधली क्यूकेनहॉफची बाग यावर. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे सांगायला माझी गरज नाही. ज्यांना एवढ्यात युरोपला जायचंच नाहीये त्यांनी सरळ श्रीनगरची तिकिटं बघावीत, हे वाचत बसू नये. मी लिहितोय ते 'काश्मीर एप्रिलमध्ये की युरोप मेमध्ये' असा घोळ ज्यांच्या घरी चाललाय त्यांच्यासाठी. किंवा ज्यांचा भाचा-पुतण्या हॉलंडात आम्स्टेलवेनला नोकरीला आहे आणि 'या ना एकदा' म्हणून मागे लागलाय त्यांच्यासाठी. आमच्या घरी दोन्ही बागा बघून झाल्यात. माझं मत आहे, पण ते माझ्या घरच्या अडचणींतून आलेलं आहे. तुमच्या अडचणी वेगळ्या असतील तर मतही वेगळं होऊ शकेल.

आधी श्रीनगरच्या बाजूने जे बोलायला हवं ते मनापासून बोलतो. पहिल्या नजरेत ही बाग जिंकते, त्यात वादच नाही. जबरवान डोंगराच्या उतारावर ती टप्प्याटप्प्याने वर चढत गेली आहे, त्यामुळे आत शिरलं की सगळी बाग एकदम समोर उभी राहते. पिवळा पट्टा, त्यावर लाल, त्यावर गुलाबी, मग झाडं, मग डोंगर. वरच्या टप्प्यावर जाऊन मागे वळलं की खाली दल सरोवर. हवा स्वच्छ असेल तर पार पलीकडे पीर पंजालचं बर्फही दिसतं. हा देखावा क्यूकेनहॉफकडे नाही आणि कधी असणारही नाही. तिथली जमीन तळहातासारखी सपाट. ती बाग १८५७ मध्ये झोखर बापलेकांनी इंग्रजी धाटणीने आखली, म्हणजे जुनी झाडं, तळं, वळणाच्या वाटा. एक वाफा बघून होतो, वळण येतं, मग दुसरा दिसतो. श्रीनगरला एका फोटोत अख्खी बाग मावते. क्यूकेनहॉफला कितीही फोटो काढले तरी बाग हाती लागत नाही.

आकड्यांचं म्हणाल तर दोन्हींचा पसारा जवळपास सारखाच, श्रीनगरला ३० हेक्टर आणि क्यूकेनहॉफला ३२. कंद मात्र श्रीनगरला २०२५ मध्ये १७ लाखांच्या घरात होते आणि क्यूकेनहॉफला दरवर्षी ७० लाख लावतात. हे ऐकायला मोठं वाटतं, प्रत्यक्षात डोळा काही मोजत बसत नाही. श्रीनगरला कुणाला 'फुलं कमी वाटली' असं मी ऐकलेलं नाही. कंदही हॉलंडहूनच आणवतात, त्यामुळे फुलाच्या जातकुळीत उन्नीस-बीस करण्यासारखं काही नाही.

माझं घोडं अडलं ते तारखेवर.

श्रीनगरची बाग कधी उघडायची ते फुलं कशी येतायत ते बघून ठरतं. २०२३ मध्ये ती १९ मार्चला उघडली, २०२४ मध्ये २३ मार्चला, २०२५ मध्ये २६ मार्चला. त्यात कुणाचा दोष नाही. थंडी कशी पडली, मार्चमध्ये ऊन किती तापलं, पाऊस किती लागला यावर ते गणित आहे. लवकर फुलणाऱ्या, मधल्या आणि उशिरा फुलणाऱ्या जाती लावून हंगाम महिनाभर ताणतात. पण वरपासून खालपर्यंत सगळी बाग एकदम भरात असते ते माझ्या अंदाजाने आठ-दहा दिवस. ते आठ-दहा दिवस कुठले, हे जानेवारीत विमानाची तिकिटं काढताना कुणालाच सांगता येत नाही. सहलीच्या कंपन्या 'ट्यूलिप स्पेशल' म्हणून तारखा छापतात, त्याही अंदाजानेच.

आता यात शाळा मिसळा. आपल्याकडे वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये रेंगाळते, १ मेला निकाल लागतो, आणि त्यानंतर मुलं खऱ्या अर्थाने मोकळी. श्रीनगरचे ट्यूलिप साधारण पाडव्याच्या आगेमागे सुरू होऊन एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आवरतात. म्हणजे घरात शाळकरी मूल असेल तर बाग आणि परीक्षा एकाच वेळी. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्या दिवशी निघालो. एप्रिलचा मध्य उलटला होता, पण बाग अजून सुरू आहे असं फोनवर कळलं होतं, आणि ते खरंही होतं. बाग सुरू होती. खालच्या टप्प्यांवरची फुलं मात्र गेली होती.

गेलेला ट्यूलिप तुम्ही जवळून बघितलाय का? गुलाबासारखा तो सुकून लोंबत नाही. पाकळ्या एकेक करून गळतात, आणि ताठ देठाच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी तिधारी हिरवी शेंग तेवढी उरते. अशा हिरव्या शेंगांच्या रांगाच्या रांगा, आणि खाली वाफ्यात ओल्या मातीला चिकटलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्या. त्या वर्षी मार्चअखेर ऊन जास्त तापलं आणि मग चार दिवस पाऊस झोडपून गेला, असं टॅक्सीवाल्याने सांगितलं. 'आठ दिन पहले आना था,' हेही त्यानेच. वरच्या टप्प्यांवर उशिराच्या जाती शिल्लक होत्या. झालरीसारख्या कडांचे गुलाबी, आणि काळ्याकडे झुकणारे गर्द जांभळे तर फार सुंदर. पण त्या दिवशी आलेली झाडून सगळी मंडळी त्याच दोन-तीन टप्प्यांवर गोळा झाली होती. वाफ्यात पाय पडला की रखवालदाराची शिट्टी, आणि फोटोसाठी रांग. बायको म्हणाली, 'छान आहे की.' ती कुठल्याही बागेला छानच म्हणते, म्हणून त्या मताला मी फार वजन देत नाही.

आता न्यायाची दुसरी बाजू. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका-काकू पाडव्याच्या सुमारास गेले आणि त्यांना अशी काही बाग मिळाली की काका अजून तेच फोटो ग्रुपवर टाकतायत. त्यांना परीक्षा नाही, रजा मंजूर करून घ्यायची नाही. मार्चमध्ये बाग उघडल्याची बातमी वाचली, चार-पाच दिवस थांबले आणि मुंबईहून विमान पकडलं. तिकीट महाग पडलं, पण नेम बरोबर लागला. असं करता येणं हीच श्रीनगरची किल्ली आहे. ज्याला आठवडाभराच्या बोलीवर घर सोडता येतं, त्याने माझं पुढचं म्हणणं ऐकूच नये.

क्यूकेनहॉफच्या तारखा वर्षभर आधी जाहीर होतात. २०२५ मध्ये २० मार्च ते ११ मे, २०२६ मध्ये १९ मार्च ते १० मे. आठवड्यातले सातही दिवस, आठ-एक आठवडे. हवा कशीही असो, फाटक ठरल्या दिवशी उघडतं. हे त्यांना जमतं ते लावणीच्या पद्धतीमुळे. पावसाळी गार हवेत, ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, माळी हाताने कंद लावतात, आणि बऱ्याच वाफ्यांत ते थरांनी लावतात. सगळ्यांत खोल उशिराचे ट्यूलिप, त्यावर लवकरचे, आणि अगदी वर क्रोकससारखे बारके कंद. वरचं फूल ओसरलं की त्याच जागेतून खालचं डोकं वर काढतं. त्यामुळे वाफा रिकामा असा दिसतच नाही. यामागे कुणाची नुसती हौस नाही. १९४९ मध्ये कंदांची शेती आणि निर्यात करणाऱ्यांनी आपला माल दाखवायला या जुन्या बागेत फुलांचं प्रदर्शन काढायचं ठरवलं आणि १९५० मध्ये लोकांसाठी उघडलं. आजही वाफ्यांपाशी जातीच्या नावाबरोबर कंद कुणी दिले त्याची पाटी असते. दुकानदार आपल्या दुकानाची काच जितक्या काळजीने पुसतो, तितक्या काळजीने ते लोक फुलं राखतात.

आम्ही गेलो ते मे लागल्यावर, मुलीचा निकाल हातात घेऊन, मेहुण्याकडे मुक्कामाला. मनात धाकधूक होती, कारण हंगाम संपायला थोडेच दिवस उरले होते. बाग भरलेली होती. हायसिंथ आणि डॅफोडिल संपले होते, काही ठिकाणी पाकळ्या सैलावल्या होत्या, पण हिरव्या शेंगांच्या रांगा कुठेही दिसल्या नाहीत. शिवाय विलेम-अलेक्झांडर मंडपात काचेखाली शेकडो जातींचे ट्यूलिप मांडलेले असतात. बाहेर गारा पडल्या तरी तेवढे तरी बघायला मिळणारच. आणखी एक फरक, तो कदाचित मलाच जाणवला असेल. ट्यूलिप उबेने उघडतो आणि गारव्यात मिटतो. श्रीनगरला दुपारच्या उन्हात जी फुलं शिल्लक होती ती पार बशीसारखी पसरली होती, आतली काळी चांदणी दिसेल इतकी. हॉलंडच्या गारठ्यात दुपारी तीनलाही पेल्याचा आकार टिकून होता. मला तो आकार आवडतो.

क्यूकेनहॉफची खोड गर्दीत आहे, आणि ती छोटी नाही. हंगामात १४ लाखांच्या आसपास लोक येतात, तेही आठ आठवड्यांत. तिकिटावर आत शिरायची वेळ ठरवून घ्यावी लागते. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात पवनचक्कीपाशी उभं राहायला जागा नसते. ईस्टरच्या आणि फुलांच्या मिरवणुकीच्या शनिवार-रविवारी तर जाऊच नये. पण या गर्दीला उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो आणि बाग साडेसातला बंद होते. चारच्या पुढची वेळ घेतली की पर्यटकांच्या बसगाड्या परतीला लागलेल्या असतात आणि शेवटचा दीड तास वाटा जवळजवळ आपल्याच. गेलेल्या फुलांवर असा कुठलाच उपाय नसतो. माझा काटा झुकला तो याच मुद्द्यावर.

हॉलंडलाही तारखेची एक मेख आहे, ती सांगायला हवी. ती फाटकाबाहेर आहे. बागेभोवती लिसे-हिलेगॉमच्या बाजूला ट्यूलिपची शेतं आहेत, ज्यांचे आडवे रंगीत पट्टे आपण फोटोत बघतो. शेतकऱ्याला फूल नको असतं, कंद हवा असतो. म्हणून फूल पुरतं उमललं आणि त्याची तपासणी झाली की यंत्र फिरवून मुंडकी उडवतात, म्हणजे सगळी ताकद कंदात उतरते. सकाळी लाल दिसलेलं शेत संध्याकाळी हिरवं. मेमध्ये आम्हाला बरीच शेतं अशी भुंडीच मिळाली. शेतं बघायची असतील तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा गाठा, सायकल भाड्याने घ्या आणि रस्त्यावरूनच बघा. फोटोसाठी आत शिरू नका. बुटांच्या मातीतून रोग पसरतो आणि शेतकरी चिडतात, त्यांचं बरोबरही आहे.

गुडघेदुखीवाल्यांसाठी क्यूकेनहॉफ सोपं. वाटा सपाट, बाक भरपूर, चाकाची खुर्ची मिळते. श्रीनगरला चढ आहे, फार नाही, पण सासूबाई दुसऱ्या टप्प्यावर बसल्या त्या परत निघेपर्यंत तिथेच. खाण्याच्या बाबतीत मात्र श्रीनगर सरस. बाहेर पडल्यावर गरम कहावा, आणि दलकाठच्या बुलेव्हार्ड रस्त्याकडे वैष्णो ढाब्यात राजमा-चावल. क्यूकेनहॉफच्या आत खाणं महाग आणि फ्रेंच फ्राइजच्या पलीकडे आपल्या जिभेला फारसं काही नाही. घरचा डबा नेलेला चालतो. मेव्हणीने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आम्ही तळ्याकाठच्या बाकावर उघड्यावर बसून खाल्ल्या, कुणी हटकलं नाही.

आणि श्रीनगर म्हणजे नुसती बाग नव्हे, हेही वजनात धरा. तिथून चष्मेशाही आणि परीमहल हाकेच्या अंतरावर, निशात-शालिमार त्याच रस्त्याला. ट्यूलिप हुकले तरी सहल फुकट जात नाही. आमचीही गेली नाही. क्यूकेनहॉफ ज्या गावात आहे त्या लिसेला ही बाग सोडली तर दिवस तिथे घालवावा असं फारसं काही नाही. तुम्हाला मुळात काश्मीर बघायचंय आणि ट्यूलिप मिळाले तर दुधात साखर, असा हिशोब असेल तर श्रीनगरच घ्या. मुळात ट्यूलिपच बघायचेत आणि रजा शाळेच्या सुट्टीला बांधलेली आहे, तर मी युरोपच्या सहलीची तारीख क्यूकेनहॉफ बंद व्हायच्या आत बसते का ते आधी बघेन. बऱ्याच सहली मेच्या मध्यानंतर निघतात आणि त्यांच्या कार्यक्रमात फुलांचा फोटो मात्र असतो. पैसे भरण्याआधी नेमकी कुठल्या तारखेला बाग दाखवणार ते लेखी विचारून घ्या.

तिथल्या दुकानांतून कंद घ्यायचा मोह होईल. भारतात कंद आणायला आयातीचा परवाना आणि रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो. शिवाय ट्यूलिपला फुलायला दोन-तीन महिन्यांची कडक थंडी लागते, ती पुण्यात फक्त फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मिळते, आणि तिथे आमच्याकडे कोथिंबीर असते.