हवेतली धूळ मोजायची कशी: फिल्टर की लेझर सेन्सर?

नाशिकच्या द्वारका चौकात अर्धा तास उभं राहून कपाळ पुसलं की रुमाल मळतो, पण ती जाड धूळ. खरी काळजी पीएम २.५ ची, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांची. ते फुप्फुसात खोलवर उतरतात.

फिल्टरची पद्धत कष्टाची. पंप ठरावीक वेगाने २४ तास फिल्टरच्या चकतीतून हवा ओढतो. पांढरीशुभ्र चकती दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलली की राखाडी झालेली दिसते. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे धूळ. पुढे तीच चकती प्रयोगशाळेत गेली की शिसं, सल्फेट, काजळी किती तेही कळतं. सातपूरसारख्या कारखान्यांच्या भागात मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. मात्र धूर सकाळी आठला वाढला की रात्री, ते कळत नाही.

ते लेझर सेन्सर सांगतो, मिनिटामिनिटाला आणि स्वस्तात. पण तो वजन करत नाही. कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून अंदाज बांधतो. हिवाळ्यात पहाटे गोदाकाठी धुकं उतरलं की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो.

आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली का, या प्रश्नाला मी फिल्टरचाच आकडा मानेन. मुलांना मैदानावर कधी सोडायचं, यासाठी सेन्सर हवाच. फक्त तो दर ऋतूत काही दिवस फिल्टरशेजारी ठेवून त्याचे आकडे दुरुस्त करून घ्यावेत.